डावं मशीन, उजवं मशीन

गोव्याच्या खनिजावर लिहिणारे खाणींवर लिहितात, मालकांवर लिहितात, मुरगाव बंदरावर लिहितात. पण आमोणे, कुडणे, सावर्डे इथल्या धक्क्यांवरून बंदरापर्यंतचा सगळा माल वाहिला तो बार्जनी, आणि त्या बार्जची मशीनं चालती ठेवली ती नदीकाठच्या मेस्त्र्यांनी. माझी हयात त्या कामात गेली. त्याच्याबद्दल कुठे चार ओळी छापलेल्या मला सापडल्या नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं आणि पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात ते मुबलक होतं. सुरुवातीला टोपल्या डोक्यावरून वाहून होड्या भरल्या जात. माल वाढला तशा लोखंडी बार्ज आल्या. त्यांच्या पोटात एकाऐवजी दोन मशीनं बसवली, त्याचं कारण नदीच सांगते. मांडवी आणि जुवारी आतल्या भागात उथळ. पाणी कमी, म्हणून बार्ज ढकलणारा मोठा पंखा लावता येत नाही. मग दोन लहान पंखे आणि प्रत्येकाला आपापलं मशीन. वळणं अरुंद असल्यामुळे एक पुढे आणि एक मागे चालवून बार्ज जागच्या जागी फिरवता येते, हा दुसरा फायदा. शिवाय एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर धक्का गाठता येतो. ही अक्कल जुनीच आहे. १९१२ साली कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघालेली ‘सेलँडिया’ ही समुद्र ओलांडणाऱ्या पहिल्या मोठ्या डिझेल जहाजांत गणली जाते, आणि तिच्यातही दोन मशीनं, दोन पंखे होते.

पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. माझ्या हाताखालून गेली ती बहुतेक मशीनं पुण्याचीच. मेस्त्रीला त्याचं मोल विचारा: सुटा भाग परदेशातून यायची वाट बघत बार्ज बांधून ठेवावी लागत नसे.

दोन मशीनांचा त्रास मात्र एकच, आणि तो कायमचा. दोन्ही सारखी ओढत नाहीत. एक मागे पडलं की बार्जचं नाक त्या बाजूला वळतं, सुकाणू उलटं धरून ठेवावं लागतं आणि डिझेल फुकट जळतं. पावसाळ्यात तर जिवाशी गाठ. आग्वादचा वाळूचा पट्टा खवळला की मांडवीच्या मुखातून बाहेर पडता येत नाही. मग भरलेल्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. दोन्ही बाजूंना खारफुटी, चिखलात पसरलेल्या मगरी, समोरून रिकामी बार्ज येतेय, आणि तुमचं उजवं मशीन दम सोडतंय. अशा वेळी बार्ज चालवणाऱ्या सारंगाच्या मनगटात जे बळ लागतं ते मी पाहिलंय.

रत्नागिरीकडचे एक सारंग मला नेहमी म्हणायचे, “मेस्त्री, उजवं नुसतं आवाज करतंय, ओढत नाही. बघा जरा.” ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या उस्तादांनी पान्याला हात लावू देण्याआधी एक क्रम पाठ करून घेतला होता. पहिल्यांदा काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. हातातला टॅकोमीटर फिरत्या शाफ्टच्या टोकाला टेकवून फेरे स्वतः मोजायचे, कारण निम्म्या वेळा मशीन ठीक असतं आणि वरच्या केबिनमधला मीटरच खोटं बोलतो. मग एकाने वर लिव्हर पूर्ण पुढे धरायची आणि दुसऱ्याने खाली बघायचं, केबल डिझेल-पंपाचा दांडा शेवटपर्यंत नेते का. ताणलेली केबल अर्ध्यातच थांबते. त्यानंतर धूर.

धूर वाचता येणं हा या कामाचा कणा. फेरे चढत नाहीत आणि काळा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण नीट जळत नाही: हवा कमी पडतेय, किंवा पंख्याला दोर, जाळं, शिंपल्यांचा थर असं काहीतरी आहे. फेरे चढत नाहीत आणि धूरही नाही, तर मशीन उपाशी आहे. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या हिशेबाने बदलते. १८०० फेऱ्यांचं मशीन १६०० वर अडकलं तर आकड्यात थोडकाच फरक दिसतो, पण ताकद सुमारे तीस टक्के गेलेली असते. त्यातून बार्ज मंदावली की चांगल्या मशीनवरचा बोजा वाढतो, त्याचेही फेरे थोडे उतरतात. नवखा माणूस इथेच फसतो आणि दोन्ही मशीनं खोलून बसतो.

एकदा असंच उजवं मशीन १६०० च्या वर जाईना. धूर नव्हता. मालकाच्या माणसाने आधीच कुणाकडून तरी पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवून घेतला होता. याचा मला आजही संताप येतो. पंपाचा स्क्रू पिळून उपाशी मशीनचं पोट भरत नाही, आणि खरा दोष सापडला की तेच मशीन जास्त डिझेल ओढून तापतं. मी डाव्याचे फिल्टर उजव्याला लावले, फरक नाही. मग टाकीकडची नळी काढून उजव्याला थेट कॅनमधून डिझेल दिलं, आणि मशीन सरळ १८०० वर गेलं. दोष त्या नळीत होता. बाहेरून रबर धडधाकट. उभी चिरली तेव्हा आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. हळू चालवताना वाट मोकळी, ओढ वाढली की ती जीभ आत खेचली जाऊन रस्ता बंद. पंप पूर्ववत जुळवून घेतला, नळी बदलली, काम संपलं.

एक मशीन असलेल्या बोटीवर असा दोष शोधायला फार वेळ जातो. दोन असली की शेजारी चालणारं चांगलं मशीन हेच सगळ्यात भरवशाचं माप. एका वेळी एकच वस्तू या बाजूची त्या बाजूला लावायची. दोष वस्तूबरोबर गेला तर ती वस्तू खराब, नाही गेला तर पुढची. ही रीत आमच्या नदीवर तोंडी चालत आली. शेवटी दोघांचे फेरे जुळवताना उस्ताद मीटरकडे बघतच नसत. फेऱ्यांत थोडा फरक असला की दोन आवाजांच्या मेळातून एक घुमारा उठतो. फरक कमी होतो तसा तो लांबत जातो आणि मग विरतो. डोळे मिटून, दोन लिव्हरवर दोन हात ठेवून ते तो विरेपर्यंत थांबायचे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. २०१४ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्या. बार्ज नदीत नांगरून पडल्या, पंख्यांवर शिंपले चढले, कित्येक भंगारात गेल्या. माझ्या बरोबरीचे काही जण आता पणजीच्या पर्यटक बोटींवर आहेत. तिथली नवी मशीनं आपला दोष पडद्यावर सांगतात. चांगलंच आहे ते. पण आतून सुटलेली नळी कुठलाही पडदा दाखवत नाही.

प्रत्येक बार्जवर मशीनची एक वही असायची. तारीख, दोन्ही बाजूंचे फेरे, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, कुठला भाग कधी बदलला, सगळं त्यात. भंगारवाल्याला या वह्या रद्दीच्या भावात जातात. ज्या मालकांकडे, सारंगांकडे, मेस्त्र्यांच्या घरी त्या अजून पडून असतील, त्यांना माझी विनंती आहे: त्या विकू नका. पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे नेऊन द्या. गोव्याच्या नद्यांवर हे काम कसं चालायचं, हे रोजच्या रोज लिहिलेलं फक्त या वह्यांतच आहे.