मे महिना आणि ‘थ्री झिरो डबल फाइव्ह’

अँप्लिफायर घरी बनवता येतो हे आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. आमच्या आर्णीत एके काळी लग्नाच्या मांडवात वाजणारा अँप्लिफायर बऱ्याचदा रेडिओ दुरुस्तीवाल्यानेच जोडलेला असे. मी मराठी शिकवणारा मास्तर, पण शाळेच्या गॅदरिंगपायी मलाही हा नाद लागला.

व्हॉल्व्हच्या काळात हे काम कठीण होते. १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्लंडच्या मासिकात विल्यमसन यांचा अँप्लिफायर छापून आला आणि हौशी लोकांनी जगभर तो बनवला. पण त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे म्हणजे दिव्यच!

ट्रान्झिस्टर आले आणि त्या ट्रान्सफॉर्मरची गरज संपली. मात्र जोडीत एक एनपीएन व एक पीएनपी हवा, आणि अशी मोठी जोडी जमवणे अवघड. आर.सी.ए. कंपनीतल्या एच. सी. लिन यांनी १९५६ मध्ये युक्ती काढली. शेवटचे दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच प्रकारचे ठेवायचे, उलटसुलट काम त्यांच्या आधीच्या लहान जोडीकडून करून घ्यायचे. पुढे ‘२एन३०५५’ स्वस्त झाला आणि ही रचना गावोगावी पोचली. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करणारा होताच की!

खरी परीक्षा मे महिन्यात. ३०५५ च्या माहितीपत्रकात ११५ वॅट लिहिलेले असते, पण ते कवच २५ अंशांवर असताना. आमच्याकडे लगीनसराईत सावलीतच ४२-४४ अंश! कवच १०० अंशांवर गेले की हीच क्षमता ६५ वॅटच्या आसपास येते. शिवाय ट्रान्झिस्टर तापला की जास्त करंट ओढतो, करंट वाढला की आणखी तापतो, आणि हे चक्र थांबले नाही तर जोडी जळते. त्यासाठी हीटसिंकला चिकटवून डायोड बसवायचा असतो, म्हणजे उष्णता वाढली की बायस आपोआप उतरतो. घाईत जोडणारे नेमका तोच कुठेतरी लांब, सर्किट बोर्डावर लावत. कवच म्हणजेच कलेक्टर, म्हणून खाली अभ्रकाची चकती हवी. ती फाटली की शॉर्ट.

शहाणा कारागीर पुस्तकातले व्होल्टेज तसेच्या तसे घेत नसे. तो चार-पाच व्होल्ट कमी ठेवी, हीटसिंक दुप्पट घेई आणि पेटीच्या पाठीला भोके पाडी. गिऱ्हाईक ‘किती वॅटचा?’ विचारी, तेव्हा आकडा मात्र तो पुस्तकातलाच सांगे!