सालाचा इनबॉक्स

शनिवारी मेलबॉक्स भरला म्हणून जुने मेल्स उडवत बसलो होतो. हजारभर तरी गेले असतील, एकही न वाचता. संध्याकाळी अ‍ॅन किर्शनर यांचं ‘सालाज गिफ्ट’ पुन्हा हातात घेतलं आणि जरा ओशाळलोच.

अ‍ॅनची आई साला (नावावरून विनोद नको, प्लीज!) ही पोलंडमधल्या सोस्नोव्हिएत्सची, ११ भावंडांतलं शेंडेफळ. ऑक्टोबर १९४० मध्ये तिची थोरली बहीण रायझेल हिला लेबर कॅम्पवर हजर व्हायची नोटीस आली, मुदत ६ आठवडे. १६ वर्षांची साला म्हणाली, तिच्याऐवजी मी जाते. त्या ६ आठवड्यांची जवळजवळ ५ वर्षं झाली, आणि कॅम्प झाले ७.

हे कॅम्प श्मेल्ट नावाच्या एसएस अधिकाऱ्याचे. ज्यूंना जर्मन कंपन्यांकडे राबायला द्यायचं आणि पैसे आपण घ्यायचे. आपल्या धंद्यातला एक शब्द आठवतो, पण इथे तो वापरायची हिंमत होत नाही. असो. आश्चर्य म्हणजे सुरुवातीची काही वर्षं इथे टपाल चालायचं, अर्थात सेन्सॉरच्या नजरेखालून. सालाने आलेला प्रत्येक कागद जपला. झडती आली की मैत्रिणींकडे द्यायचा, कधी जमिनीत पुरायचा. सापडली असती तर काय झालं असतं, सांगायला नको.

त्यात आला गेर्टनर या मैत्रिणीची पत्रं आहेत. घर सोडायच्या दिवशीच दोघींची ओळख झाली, आणि आलाने या पोरीला पंखाखाली घेतलं. पुढे ती आऊश्वित्झला गेली. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिथल्या कैद्यांनी उठाव केला, त्यासाठी बंदुकीची दारू चोरून पोचवणाऱ्यांत ती होती. जानेवारी १९४५ मध्ये चौघींना फाशी झाली, त्यांतली एक आला.

युद्धानंतर साला एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून १९४६ मध्ये अमेरिकेत आली. मुलांना या सगळ्यातलं अक्षर सांगितलं नाही. १९९१ मध्ये बायपासच्या आधी तिने अ‍ॅनच्या हातात एक लाल खोका ठेवला. आत ३५० च्या वर पत्रं, कार्डं, फोटो! आता ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत.

मला राहून राहून एकच गोष्ट खटकते. खोक्यात जवळजवळ सगळी तिला *आलेली* पत्रं. तिने लिहिलेली कुठे गेली? ज्या पत्त्यांवर पाठवली ती घरंच रिकामी केली गेली. १९४२ मध्ये तिच्या आई-वडिलांना आऊश्वित्झला नेलं. इनबॉक्स शिल्लक, सेंट आयटम्स कोरा.

रायझेल मात्र वाचली. घरून येणाऱ्या पत्रांतली बरीचशी तिच्याच अक्षरातली आहेत.