पाच टक्के कुणाचे?

मागच्या शनिवारी सकाळी सकाळी एका मैत्रिणीचा फोन. "तुला एक्सेल येतं ना रे? मग लॅपटॉप घेऊन ये." (बारा वर्षं कोड लिहितोय, पण मित्रमंडळींच्या लेखी आपली लायकी एक्सेल आणि प्रिंटर दुरुस्ती एवढीच. असो.)

ती नंदुरबार जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. कुपोषित मुलं, अंगणवाड्या, गरोदर बायकांच्या तपासण्या असं काम. एका कंपनीच्या फाउंडेशनकडे अर्ज केला होता आणि तो परत आला होता. मंजूर करू, पण अकाउंटंटचा पगार बजेटमधून काढा म्हणे. प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर चालत नाही, कायदाच आहे तसा.

आता हा अकाउंटंट म्हणजे संस्थेतला एकुलता एक माणूस ज्याला पावती आणि व्हाउचर यातला फरक कळतो. तो गेला की ऑडिट लटकणार, आणि ऑडिट नसेल तर पुढच्या वर्षी कुठलीच कंपनी दारात उभं करणार नाही. म्हणजे अनुदान घ्यायचं तर अनुदान मिळवून देणारा माणूस घालवायचा!

मला एक खोड आहे. एखादी अट विचित्र वाटली की ती पहिल्यांदा कुणी घातली ते शोधत बसतो (जुन्या कोडमधली कॉमेंट वाचतो तसं). तर दोन दिवस तेच केलं. ही त्याची गोष्ट.

आपल्याला वाटतं कंपनीकडे पैसा आहे, मनात आलं तर देईल. पण कंपनीच्या इतिहासात बराच काळ प्रश्न 'किती द्यायचे' हा नव्हताच. 'देता तरी येतात का' हा होता. कारण संचालक जे देतात ते त्यांच्या खिशातलं नसतं, भागधारकांचं असतं.

1883 सालचा एक खटला आहे, हटन विरुद्ध वेस्ट कॉर्क रेल्वे. कंपनी आयर्लंडची, निकाल लंडनच्या अपील कोर्टाचा. रेल्वे विकली गेली होती, कंपनी गुंडाळायची होती. जाता जाता नोकरी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि संचालकांना थोडे पैसे द्यावेत असं बहुमताने ठरलं. हटन नावाच्या माणसाने आक्षेप घेतला आणि तो जिंकला. न्यायमूर्ती बोवेन यांचं म्हणणं थोडक्यात असं: रेल्वे कंपनीने स्टेशनातल्या हमालांना एक दिवस गावाबाहेर चहापार्टीला नेलं तर काही बिघडत नाही, कारण खूश हमाल चांगलं काम करतात आणि त्यात कंपनीचाच फायदा. पण नुसता दानधर्म म्हणून दानधर्म? त्याला संचालकांच्या टेबलावर जागा नाही. बंद पडलेल्या कंपनीचा कसला आलाय फायदा, म्हणून पैसे द्यायचे नाहीत.

हे 'कंपनीचा फायदा काय?' प्रकरण पुढे कित्येक वर्षं पुरलं. अमेरिकेत 1935 मध्ये कंपन्यांना देणग्यांवर करसवलत मिळाली, तिथेही मर्यादा 5 टक्क्यांचीच. तरी धाकधूक होतीच. न्यू जर्सीतल्या ए. पी. स्मिथ या कंपनीचा धंदा रस्त्यावरचे आगीचे बंब भरायचे नळ आणि व्हॉल्व्ह बनवण्याचा. तिने 1951 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाला 1,500 डॉलर द्यायचं ठरवलं. फक्त दीड हजार! त्यावर काही भागधारक बिथरले, आणि प्रकरण थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कंपनीच्या बाजूने साक्ष द्यायला कोण आलं, तर स्टॅंडर्ड ऑइल आणि यू. एस. स्टीलचे बडे लोक. दीड हजार डॉलरसाठी कुणी एवढं करत नाही, त्यांना वाट मोकळी करून हवी होती. 1953 मध्ये कोर्टाने ती करून दिली.

आपल्याकडे 1956 च्या कंपनी कायद्यात कलम 293 होतं. संचालक मंडळाला आपल्या अधिकारात देणगी देता यायची, पण गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 5 टक्क्यांवर (किंवा एका ठरावीक छोट्या रकमेवर, यातलं जे जास्त असेल त्यावर) जायचं असेल तर सर्वसाधारण सभेची परवानगी हवी. म्हणजे कायदा हात धरत होता. 2013 च्या कायद्यात तोच कायदा हात पिरगाळायला लागला. कलम 135: ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी, तिने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचेच. 1 एप्रिल 2014 पासून लागू. गंमत म्हणजे जुनी 5 टक्क्यांची वेसणही कलम 181 म्हणून त्याच कायद्यात जिवंत आहे. वरून छत, खालून फरशी.

सुरुवातीला 'खर्च केला नाही तर कारण सांगा' एवढ्यावर भागायचं. 2019 मध्ये चक्क तुरुंगाची तरतूद आणली, उद्योगजगताने बोंब मारली, 2020 मध्ये ती काढून दंड ठेवला. पण जानेवारी 2021 पासून न खर्चलेला पैसा कंपनीकडे राहत नाही. चालू प्रकल्पाचा असेल तर वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात, नाहीतर सहा महिन्यांत सरकारने ठरवलेल्या निधीत. मैत्रिणीला फेब्रुवारीत फोन का येतात ("मॅडम, मार्चएंडच्या आत काही करता येईल का?") त्याचं उत्तर इथे आहे.

या सगळ्याच्या समांतर आपल्याकडे एक वेगळीच परंपरा होती, ट्रस्टची. सर रतन टाटा 1918 मध्ये गेले, त्यांच्या नावाचा ट्रस्ट 1919 चा. सर दोराबजींचा 1932 चा. इथे कंपनी देत नाही, ट्रस्टच कंपनीचा मालक आहे आणि लाभांशातून देतो. भागधारकाला काय वाटेल हा प्रश्नच मिटला. अशा ट्रस्टकडे केलेला भारतातला सगळ्यात गाजलेला अर्ज म्हणजे होमी भाभांचं 12 मार्च 1944 चं पत्र, दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना. मूलभूत संशोधनाची संस्था हवी, आणि काही दशकांनी अणुऊर्जेतून वीज करायची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, असा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. ना पोर्टल, ना लॉगिन!

पण हुरळून जाऊ नका. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई या भाभांच्या सख्ख्या आत्या. शिवाय बंगलोरला भाभांचं विश्वकिरणांवरचं काम याच ट्रस्टच्या मदतीने चाललेलं होतं. ओळख आणि आधीचं काम, दोन्ही खिशात होतं. नंदुरबारच्या संस्थेला आत्या कुठली? आत्या नसलेल्यांसाठी फॉर्म असतो, आणि म्हणून मी फॉर्मला फार शिव्या घालत नाही.

मात्र अर्ज करण्याआधी पैसा कुठल्या खिशातला ते बघावं. टाटा ट्रस्ट किंवा अझीम प्रेमजी फाउंडेशनसारख्यांचा स्वतःचा निधी आहे, तिथे कलम 135 ची तलवार नाही, नवीन कल्पना तिथे सांगता येते. कंपन्यांची बहुतेक फाउंडेशनं मात्र त्या 2 टक्क्यांची वाहिनी असतात (इन्फोसिस फाउंडेशन 1996 चं, कायद्याच्या कितीतरी आधीचं, पण कायदा आल्यावर तिथेही 2 टक्क्यांचा हिशोब आला). तिथे समोरचा माणूस ऑडिटरला घाबरलेला असतो. त्याला काम आवडलेलं असतं, पण कागद हवा असतो. म्हणून पहिल्याच पानावर लिहायचं की आपलं काम परिशिष्ट सातच्या कुठल्या कलमात बसतं. सीएसआर-1 चा नोंदणी क्रमांक, 12ए, 80जी, तीन वर्षांचं काम आणि ऑडिट, हे तर लागतंच. कायदा म्हणतो कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला पसंती द्यावी, त्यामुळे चाकणला पैसा आणि धडगावला वळवळ. नंदुरबार केंद्राच्या आकांक्षी जिल्ह्यांच्या यादीत आहे, हे वाक्य अर्जात सतराव्या पानावर होतं. ते आम्ही वर आणलं.

फॉर्ममध्ये तो प्रसिद्ध तक्ताही होता: उद्दिष्ट, फलित, निदर्शक, गृहीतकं. हा लॉगफ्रेम 1969 मध्ये अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेसाठी बनवला गेला. विन्स्टन रॉइसचा ज्या लेखामुळे आपल्या डोक्यावर वॉटरफॉल बसला तो 1970 चा. त्या सुमारास हवेत काहीतरी होतं बहुतेक :-) आपण निदान अजाइलवर आलो, संस्था अजून तिथेच.

आणि ते 5 टक्के? 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांत व्याख्या सरळ आहे. प्रशासकीय खर्च म्हणजे *कंपनीने* आपल्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर केलेला खर्च. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरलेला नाही. म्हणजे वेसण कंपनीच्या ऑफिसला होती, ती कुणीतरी उचलून संस्थेच्या नाकात घातली. मला यात कुणाचा डाव दिसत नाही, 1883 पासूनची भीतीच दिसते. दप्तर आणि टॅबलेट यांचा फोटो काढता येतो, हिशोबनीसाच्या पगाराचा नाही. कुणी विचारलं तर दाखवणार काय?

आम्ही 'प्रशासन' ही ओळच काढली. अकाउंटंटचे महिन्यातले किती दिवस या प्रकल्पाची आहाराची बिलं आणि अंगणवाड्यांची खरेदी तपासण्यात जातात ते मोजलं. बावीसपैकी चौदा निघाले. तेवढाच पगार 'देखरेख' खाली दाखवला, दिवसांचा तक्ता जोडला आणि नियमातली व्याख्या जशीच्या तशी पत्रात उतरवली. उरलेल्या आठ दिवसांचे पैसे अजून कुठून आणायचे ते ठरलेलं नाही.

गुरुवारी तिचा मेसेज आला. चौदा दिवस मंजूर. सोबत एकच शंका विचारली आहे: संस्थेच्या जीपवर कंपनीचा लोगो किती इंचाचा लावणार?