डावा हाफ कोण?

भारताचा सार्वकालिक हॉकी संघ निवडायला बसलं की पुढची फळी पाच मिनिटांत भरते. मध्ये ध्यानचंद, त्याच्या डाव्या हाताला धाकटा भाऊ रूपसिंग, उजव्या हाताला के. डी. सिंग बाबू, राइट आउटला किशनलाल. मग बलबीरसिंग, उधमसिंग, मोहम्मद शाहिद आणि धनराज पिल्ले या चौघांना मिळून एकच जागा उरते आणि भांडण जुंपतं. खडकीला आमच्या घरात हे भांडण पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. आजोबा दारूगोळा कारखान्यात होते, थोरले काकाही तिथेच लागले. भोवती लष्कराची मैदानं, त्यामुळे हॉकी ही आम्हाला मुद्दाम शिकावी लागली नाही. दिवाळीत मुंबईहून मामा आले की संघ नव्याने मांडला जाई.

आजोबांची सगळ्यांत लाडकी गोष्ट बर्लिनची. 1936 च्या ऑलिंपिकआधी सरावाच्या सामन्यात जर्मनांनी आपल्याला 4-1 असं हरवलं. ध्यानचंदच्या जिवाला घोर लागला. पुढच्या फळीत बाजूला जोडीदार हवा म्हणून भारतातून अली दाराला बोलावून घेतलं. तो आला आणि उपांत्य सामन्यापासून खेळला. 15 ऑगस्टला अंतिम सामना. आदल्या दिवशीच्या पावसाने मैदान ओलं झालेलं, मध्यंतराला जेमतेम 1-0. मग ध्यानचंदने बूट-मोजे काढून टाकले आणि सामना संपला तेव्हा फळ्यावर 8-1 होते. पुढे हिटलरने ध्यानचंदला देऊ केलेल्या हुद्द्याची गोष्ट आजोबा फार रंगवून सांगत. ती ऐकीव आहे, म्हणून संघ निवडताना मी ती धरत नाही. सरावात झालेली हार मात्र धरतो. ती गोष्ट सांगताना त्यांनी कधीच गाळली नाही, याबद्दल मी आजोबांचा ऋणी आहे. ध्यानचंद असतानाही चार गोल खाऊन संघ हरू शकतो, आणि एका योग्य जोडीदाराने तोच संघ बदलू शकतो, हे मला त्यातूनच कळलं. हाच दारा 1948 साली पाकिस्तानचा कप्तान होता. आजोबांच्या यादीत तो अखेरपर्यंत आपलाच राहिला.

माझ्या या संघाचं खरं बळ इथे आहे. एकेकट्याच्या करामतीपेक्षा दोघांतल्या समजुतीत. लॉस एंजेलिसला 1932 साली अमेरिकेवर 24-1 असा विजय मिळाला, त्यात रूपसिंगचे दहा गोल आणि ध्यानचंदचे आठ. भाऊ कुठे असेल हे न बघता ओळखणारी अशी जोडी एका संघात असली की मधली जागा प्रतिपक्षाला राखणं अवघड. बाबूला तिसरा म्हणून जोडा, म्हणजे चेंडू खेळवणारा एक डोकेबाज गडी वाढला. 1952 साली हेलसिंकीला तोच कप्तान होता.

आता बलबीर. थोरल्या काकांचं दैवत. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात हॉलंडविरुद्ध सहापैकी पाच गोल त्याचे. चार वर्षांनी मेलबर्नला मोडलेलं बोट घेऊन तो अंतिम सामना खेळला. अशा माणसाला बाहेर बसवायचं म्हटल्यावर काका ताटावरून उठून जात. पण सेंटर फॉरवर्डची जागा एकच असते आणि बलबीरला बाजूला सरकवून खेळवण्यात त्याचंही भलं नाही, संघाचंही नाही. मी त्याला पहिला राखीव ठेवतो. निर्णय कठीण आहे, पण माझ्या मते तो बरोबर आहे.

धनराजबद्दल मी तटस्थ होऊ शकत नाही, आणि व्हायचंही नाही. तो आमच्या खडकीचा. वडील मैदानाची निगा राखणारे, घरात पैशाची चणचण, मोडक्या स्टिकने खेळून वर आलेला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. 1998 साली बँकॉकला त्याच्या कप्तानपदाखाली भारताने 1966 नंतर पहिल्यांदा आशियाई सुवर्ण मिळवलं आणि त्यानंतर लगेच त्याला इतर काही जणांसह संघातून वगळलं गेलं. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. त्याच्यावर आक्षेप असा, की चेंडू मिळाला की तो एकटाच घेऊन धावे. मला ते त्याच्या काळाचं दुखणं वाटतं. मागून चेंडू वेळेवर पोचेल याचा भरवसा नसलेला माणूस चेंडू सोडत नाही. या संघात मागून देणारे भक्कम आहेत. म्हणून लेफ्ट आउटला धनराज. तो रेषेवर थांबणार नाही, आत घुसणार, आणि त्याच्या मागे डावीकडे मोकळं रान पडणार, हेही तितकंच खरं.

तिथेच माझी बोटं अडतात. त्या मोकळ्या रानात उभा राहणारा डावा हाफ कोण?

उजवा हाफ लेस्ली क्लॉडियस, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. बिलासपूरचा हा अँग्लो-इंडियन खेळाडू 1948 ते 1960 सलग चार ऑलिंपिक खेळला. तीन सुवर्णं, एक रौप्य. सेंटर हाफ अजितपालसिंग, 1975 च्या क्वालालंपूरच्या विश्वविजयाचा कप्तान. डाव्या हाफचं नाव मात्र आमच्या एकाही वडीलधाऱ्याने कधी घेतलं नाही. गोष्टी गोलाच्या बाजूने सांगितल्या जातात. चेंडू जाळ्यात गेला ते लक्षात राहतं. तो तीन खेळाडूंआधी कुणी अडवला, कुणी हळूच वळवून दिला, ते सांगायला गोष्टीत जागा नसते. 1928 साली अॅमस्टरडॅमला ध्यानचंदने चौदा गोल केले हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगे. त्याच स्पर्धेत आपल्यावर एकही गोल झाला नाही आणि गोलमध्ये रिचर्ड अॅलन होता, हे मला खूप उशिरा वाचून कळलं. अॅलनची एकच गोष्ट घरात सांगत, तीही अमेरिकेच्या त्या एकुलत्या गोलाची: तो म्हणे तेव्हा प्रेक्षकांना सह्या देत होता.

मामा तेवढे वेगळे निघाले. चर्चगेटच्या मैदानावर आगाखान स्पर्धा बघून त्यांचा डोळा तयार झालेला. गोवेकरांच्या लुसिटानियन्स क्लबचे सामने ते चुकवत नसत. 1948 च्या सुवर्णसंघातले लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ ही मुंबईतली नावं ते घरच्या माणसांसारखी घेत. गोली आणि बॅक यांच्याबद्दल बोलणारा आमच्याकडे तो एकच माणूस. माझ्या संघाचा मागचा निम्मा भाग मामांच्या शिकवणुकीवर उभा आहे.

फुलबॅक म्हणून रणधीरसिंग जेंटल आणि पृथिपालसिंग. दोघेही शॉर्ट कॉर्नरचे बादशहा. 1956 च्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा एकमेव गोल जेंटलचा, तोही शॉर्ट कॉर्नरवर. 1964 साली टोकियोत पृथिपालचा फटका पाकिस्तानी बचावपटूच्या पायाला लागला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदरलालने तो सार्थकी लावला. पण दोघं ऑफसाइडच्या काळात वाढले. ऑफसाइड होता तेव्हा बॅकना अख्खं मैदान राखावं लागत नसे. 1990 च्या दशकात तो नियम गेला. त्यानंतरचे जर्मन नाही तर ऑस्ट्रेलियन या दोघांच्या पाठीमागे येऊन उभे राहतील. त्यात अॅस्ट्रोटर्फ. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकला गवत गेलं आणि आपण सातव्या क्रमांकावर घसरलो. माझ्या अकरांपैकी एकट्या धनराजची कारकीर्द या कृत्रिम हिरवळीवर घडली. सत्तर मिनिटं बदली खेळाडूशिवाय पळणारी ही माणसं दमाला कमी नव्हती. पण गवतावर अंदाजाने थोपवलेला चेंडू आणि टर्फवर सरळ सुसाट येणारा चेंडू, यांना सामोरं जाण्याची रीत वेगळी. हा दोष मी झाकून ठेवू इच्छित नाही.

डाव्या हाफला शेवटी मी चरणजितसिंगला घेतलं, 1964 च्या सुवर्णसंघाच्या कप्तानाला. हाफच्या फळीतला कसलेला गडी, कप्तानाचं डोकं असलेला. धनराज आत घुसला की आपण मागे थांबायचं, हे त्याला सांगावं लागणार नाही.

गोलीच्या जागेसाठी पी. आर. श्रीजेशचा विचार मी फार वेळ केला. टोकियोला जर्मनीचा अखेरचा शॉर्ट कॉर्नर त्याने अडवला आणि भारताला एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळालं. पॅरिसला दुसरं. ड्रॅग फ्लिकच्या जमान्यात खेळायचं तर तोच हवा, असं माझा मुलगा म्हणतो आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी मी शंकर लक्ष्मणला उभा केला. महूचा हा माणूस पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढला. 1956 साली मेलबर्नला भारताने 38 गोल केले आणि एकही खाल्ला नाही. 1960, 1964 साली पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यांतही तोच गोलमध्ये होता. त्याचा शेवट महूला, पायाच्या गँगरीनने, हलाखीत झाला. गोलींना आपण असंच वागवत आलो. 1982 च्या दिल्ली आशियाडमध्ये पाकिस्तानकडून 7-1 हरल्यावर सगळा दोष मीररंजन नेगीच्या माथी मारला. मामा सोडले तर आमच्या घरातल्या गोष्टींतही पूर्ण नावाने येणारा गोली तेवढा तोच.

राहिलं कप्तानपद. आजोबा असते तर ध्यानचंदशिवाय दुसरं नाव ऐकून घेतलं नसतं. काकांनी बाबूचं सुचवलं असतं. मी ते शंकर लक्ष्मणला देतो. 1966 साली बँकॉकला गोलमध्ये उभं राहून त्याने संघ सांभाळला आणि आशियाई सुवर्ण आणलं. पुढे कितीही गोल होत राहिले तरी डावीकडे रान केव्हा मोकळं पडलं हे तिथूनच दिसतं, आणि चरणजितला हाक मारायची ती त्यानेच.