पांखरांच्या गाण्याचें मुद्रण व त्याची पारख

गवयाची ध्वनिमुद्रिका ऐकतांना आवाज स्वच्छ आहे कीं नाहीं, हें आपण प्रथम पाहतों. पांखराच्या गाण्याला मात्र ही एकच कसोटी पुरी पडत नाहीं.

जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं १८८९ सालीं लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलानें पिंजऱ्यांतील शामा पक्ष्याचें गाणें एडिसनच्या यंत्रानें मेणाच्या नळीवर उतरवून घेतलें. पक्षिगीताचें हें सर्वांत जुनें मुद्रण समजलें जातें. शामा हा दयाळाचा भाऊबंद. आपल्या सह्याद्रीच्या रानांतहि तो गातो. या मुद्रणांत खरखर पुष्कळ आहे. तरी गाणारा कोण, कोठला व केव्हांचा, हें आपणांस ठाऊक आहे. मात्र पक्षी पिंजऱ्यांतला होता. तेव्हां रानांतला शामा कसा गातो, याची साक्ष त्यावरून काढतां येणार नाहीं.

१९२९ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर ॲलन व पीटर केलॉग यांनीं रानपांखरांचे आवाज बोलपटाच्या फितीवर टिपले. पुढें थोड्याच वर्षांत परातीसारखें अंतर्गोल पात्र उपयोगांत आलें. त्यांत पडलेला ध्वनि परतून मध्यावरील मायक्रोफोनवर एकवटतो आणि दूरचें पांखरूं जवळ बसून गातेंसें वाटतें. पण या जवळिकीला किंमत द्यावी लागते. ज्या स्वराची लहर पात्राच्या व्यासाहून लांब, तो त्यांत नीट एकवटत नाहीं. एक मीटर व्यासाच्या पात्रांत सेकंदास सुमारें ३४० कंपनांखालचे स्वर दुबळे पडतात. तार स्वर तेवढे उठून येतात. म्हणजे कानास गोड लागलें तें मुळाबरहुकूम असतेंच असें नाहीं.

१९३५ सालीं याच मंडळींनीं आपलीं यंत्रें खेचरांच्या गाडीवर लादून लुइझियानाच्या दलदलीच्या अरण्यांत नेलीं आणि हस्तिदंती चोचीच्या सुतार पक्ष्याचा आवाज मुद्रित केला. पुढें तो पक्षी दिसेनासा झाला. तो पुन्हां ऐकल्याचे दावे झाले, तेव्हां ते याच जुन्या फितीशीं ताडून पाहावे लागले. मुद्रणाची प्रत म्हणजे काय, हें अशा वेळीं कळतें!

१९४२ च्या मे महिन्यांत इंग्लंडांतील सरे परगण्यांतील एका बागेंत नाइटिंगेल गात असतां वरून बाँबफेकी विमानांचा ताफा गेला. शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून गाण्याचें प्रक्षेपण थांबविण्यांत आलें. मुद्रण मात्र चालूच राहिलें. त्यांतली घरघर पुसून टाकली, तर गाणें स्वच्छ होईल, पण ती रात्र नाहींशी होईल.

यास्तव पारख करणारानें आधीं पाहावें तें हें : पांखरूं कोणतें, स्थळ व काळ कोणता, साधन कोणतें, आणि मागाहून काय गाळलें. खरखर आज ना उद्यां कमी करतां येईल; न लिहिलेली तारीख मात्र कोणतेंहि यंत्र परत आणून देणार नाहीं. मूळ प्रत म्हणून जशीच्या तशी जपावी. कारण पांखरूं गेल्यावर साक्षीला तीच उरते.