कोणाचं नेसलीस?

ऑस्करच्या समारंभाला आलेल्या पाहुण्यांच्या पायाखाली लाल गालिचा पहिल्यांदा अंथरला गेला तो १९६१ साली, कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाच्या सभागृहात. घरी बसून समारंभ पाहणाऱ्यांना मात्र तो लाल आहे हे कळायला काही मार्ग नव्हता. पाहुण्यांचं आगमन दूरचित्रवाणीवर दिसू लागलं १९६४ पासून, आणि प्रक्षेपण रंगीत झालं १९६६ मध्ये. तोवर प्रेक्षकांच्या लेखी तो गालिचा करडाच होता. मराठी वृत्तपत्रं आता सर्रास 'रेड कार्पेट' लिहितात. पायघड्या हा आपला शब्द तिथे का चालत नाही, याचा मी अनुवादक म्हणून पुष्कळ विचार केला आहे. पायघड्या कोणी अंथरल्या हे आपल्याकडे ठाऊक असतं, तो परटाचा मान असतो. त्या गालिच्याला असा कोणी मानकरी नाही. तिथे नाव असतं ते वरून चालणाऱ्यांचं, आणि नजर असते पाहणाऱ्यांची.

या नजरेचा इतिहास मला पारितोषिकांच्या इतिहासापेक्षा जास्त रंजक वाटतो. कोणाला कशासाठी ऑस्कर मिळालं याच्या याद्या हव्या तितक्या सापडतात. पण लोकांनी पडद्यावर एक पोशाख पाहिला आणि त्यावर मत दिलं, म्हणजे त्यांना नेमकं काय दिसलं होतं?

१९२९ साली पहिला समारंभ झाला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. हॉलिवूडमधल्या रूझवेल्ट हॉटेलातली ती एक मेजवानी होती. पाहुणे २७० च्या आसपास, तिकीट ५ डॉलर, आणि पारितोषिकांचं वाटप अवघ्या १५ मिनिटांत आटोपलेलं. पुढे रेडिओवरून आवाज घरोघरी पोचू लागला, पण कपड्यांना आवाज नसतो. समारंभ पडद्यावर आला तो १९ मार्च १९५३ रोजी, आणि तोही नाइलाजाने. चित्रपट कंपन्यांना दूरचित्रवाणी म्हणजे घरात घुसलेली सवत वाटत होती. पण समारंभाचा खर्च उचलायला त्यांनी हात आखडता घेतला, आणि एनबीसीने प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी १ लाख डॉलर देऊ केले. हॉलिवूड आणि न्यूयॉर्क अशा दोन ठिकाणांहून तो कार्यक्रम एकाच वेळी झाला.

प्रेक्षक आला तशी त्याची भीतीही आली. गळा किती खोल, कापड किती पातळ, याची चिंता आता प्रक्षेपण करणाऱ्यांना लागली. पॅरामाउंटची वेशभूषाकार एडिथ हेड हिला समारंभाच्या पोशाखांची सल्लागार नेमलं गेलं, आणि ते काम तिने पुढे बरीच वर्षं केलं. स्वतः आठ ऑस्कर मिळवणारी ही बाई त्या रात्री एका अर्थी घरोघरच्या सासूबाईंची प्रतिनिधी म्हणून उभी असे. कोण काय म्हणेल हे आधीच ओळखून शिवण बेतायची, म्हणजे प्रेक्षकाची प्रतिक्रिया पोशाखाच्या आत, अस्तरासारखी, अगोदरच शिवलेली असायची.

१९५५ साली ग्रेस केली 'द कंट्री गर्ल'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली, तेव्हाचा तिचा फिकट निळा सॅटिनचा पोशाख एडिथ हेडनेच केला होता. समारंभाच्या रात्री लोकांना तो पांढुरका दिसला असणार. निळा दिसला तो काही दिवसांनी 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर. हा पोशाख तिने आधीच्या वर्षी एका चित्रपटाच्या पहिल्या खेळाला घातलेला होता. त्याच कपड्यात ती ऑस्कर घ्यायला आली आणि त्यात कोणाला काही कमीपणा वाटला नाही. चांगलं वस्त्र पेटीतून काढून पुन्हा नेसावं, इतका साधा व्यवहार तेव्हा तिथेही होता. त्याच रात्री त्याच पारितोषिकासाठी डोरोथी डँड्रिज हिचंही नामांकन होतं. मुख्य भूमिकेसाठी नामांकन मिळालेली ती पहिली आफ्रिकन अमेरिकन अभिनेत्री. तिच्याकडे पुढे यायचंच आहे.

१९६२ साली 'वेस्ट साइड स्टोरी'साठी रीटा मोरेनोला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. पोर्तो रिकोत जन्मलेल्या या नटीने जपानी किमोनोवर बांधतात त्या ओबी पट्ट्याच्या कापडाचा घेरदार पोशाख घातला होता. तो शिवला होता फिलिपिन्सच्या पिटॉय मोरेनोने. काळ्यावर सोनेरी वेलबुट्टी होती, पण प्रक्षेपण कृष्णधवल. मग २०१८ च्या समारंभाला, वयाच्या ८६ व्या वर्षी, ती तोच पोशाख घालून आली. वरचा भाग थोडा बदलून घेतलेला, बाकी जसाच्या तसा. ५६ वर्षांपूर्वी ज्यांनी तिला घरच्या पडद्यावर पाहिलं होतं, त्यांना तिथे ते सोनं दिसलं ते आता.

रंग आल्यावर प्रेक्षकांची ताकद वाढली. १९६९ साली बार्ब्रा स्ट्रायसँडने आर्नल्ड स्कासीचा काळ्या जाळीचा, टिकल्यांचा, पायाशी घेरदार विजारीचा पोशाख केला. आत अंगाच्या रंगाचं अस्तर होतं, पण झगझगीत प्रकाशात अस्तर विरघळलं आणि लोकांना वाटलं की आत काहीच नाही. जे नव्हतं ते लोकांनी पाहिलं, आणि कपड्यांच्या गप्पांत त्या रात्रीची तेवढीच आठवण उरली.

१९७३ ची रात्र मात्र गप्पांत विरून जाणारी नव्हती. 'द गॉडफादर'साठी मार्लन ब्रँडोचं नाव पुकारलं गेलं आणि मंचावर आली सशीन लिटलफेदर नावाची तरुणी. अंगात हरणाच्या कमावलेल्या कातड्याचा झालरींचा पोशाख. तिने हात वर करून मूर्ती नाकारली. चित्रपटांतून मूलनिवासींचं जे चित्रण होतं त्याचा निषेध म्हणून, आणि वूंडेड नी इथे तेव्हा चालू असलेल्या संघर्षामुळे ब्रँडो हे पारितोषिक घेणार नाही, एवढं जेमतेम मिनिटभरात तिने सांगितलं. सभागृहात काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी हुर्यो केली. नंतर अफवा उठल्या त्या थेट तिच्या कपड्यांवर आल्या. ती मूलनिवासी नाहीच, तो पोशाख भाड्याने आणलेला आहे, असं बोललं गेलं. तिच्या म्हणण्याला उत्तर देण्यापेक्षा तिचं वस्त्र खोटं पाडणं सोपं होतं. २०२२ मध्ये अकादमीने तिची माफी मागितली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ती गेली, आणि काही दिवसांतच तिच्या बहिणींनी तिच्या मूलनिवासी वंशाच्या दाव्यालाच आव्हान दिलं. तो वाद मी सोडवू शकत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. १९७३ साली पोशाख भाड्याचा असणं हा आरोप होता.

कारण पुढच्या वीस-बावीस वर्षांत चित्र नेमकं उलटं झालं. १९६० पासून मिस्टर ब्लॅकवेल नावाचे गृहस्थ दर वर्षी सर्वांत वाईट पेहराव करणाऱ्या स्त्रियांची यादी काढत होते, आणि टवाळीची एक भाषा लोकांच्या तोंडी बसली होती. १९८६ साली शेर डोक्यावर काळ्या पिसांचा भलामोठा मुकुट चढवून आली आणि गंभीर अभिनेत्रीने कसं दिसावं याच्या सूचनांची जाहीर थट्टा करून गेली. पण खरा पालट झाला तो १९९० च्या दशकाच्या मध्यावर, जोन रिव्हर्स हातात ध्वनिक्षेपक घेऊन गालिच्याच्या कडेला उभी राहिली तेव्हा. तिचा प्रश्न ठरलेला असे : 'हू आर यू वेअरिंग?'

हे वाक्य मराठीत आणून पाहा. इंग्रजीत वेअर हे एकच क्रियापद सगळीकडे चालतं. मराठीत लुगडं नेसतात, पोलकं घालतात, शाल पांघरतात, दागिने लेतात. त्यात इथे कर्म आहे माणूस. 'तुम्ही कोणाला घातलं आहे?' हे वाक्य वेड्यांच्या इस्पितळात शोभेल. 'कोणी शिवलं?' म्हटलं तर शिंपी येतो, आणि त्या प्रश्नात शिंप्याला जागाच नाही. विचारलेलं असतं ते घराण्याचं नाव, म्हणजे छाप. मराठीला सगळ्यांत सहज वाक्य 'कोणाचं नेसलीस?' हेच. पण आपल्या घरांत त्याचा अर्थ, ही साडी कोणाची आणलीस, वहिनीची की ताईची? भाषांतर म्हणून हे चूक आहे. वस्तुस्थिती म्हणून मात्र ते मूळ वाक्यापेक्षा खरं आहे. त्या गालिच्यावरचे बरेचसे पोशाख आणि हिरे उसने असतात, रात्र संपली की परत जातात. भाड्याचं असल्याचा आरोप ज्या दारात एके काळी झाला, तिथे उसनं असणं हीच आता पत झाली. १९९५ साली वेशभूषेचं ऑस्कर घ्यायला आलेली लिझी गार्डिनर तर २५४ सोनेरी क्रेडिट कार्डं जोडून केलेल्या पोशाखात आली. इतकं स्पष्ट उत्तर त्या प्रश्नाला दुसऱ्या कोणी दिलं नसेल.

पोशाखच जाहिरात झाल्यावर सगळ्या सावध झाल्या. वाईट यादीत नाव आलं तर देणाऱ्याचं नुकसान, आणि नुकसान झालं तर पुढच्या वर्षी कोणी देणार नाही. २००१ साली ब्योर्क गळ्याभोवती हंसाची मान गुंडाळलेला, मार्यान पेयोस्कीने केलेला पांढरा पोशाख घालून आली आणि गालिच्यावर तिने अंडीही घातली. लोक कित्येक वर्षं हसले. तो हंस २०१५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, तिच्यावरच्या प्रदर्शनात उभा होता.

त्याच्या पुढच्या वर्षी मी हैदराबादला एम. ए. करत होते. 'लगान'ला नामांकन होतं म्हणून सोमवारी सकाळी सातला अख्खं वसतिगृह दूरचित्रवाणीच्या खोलीत जमलं होतं. 'लगान'ला मिळालं नाही. निम्म्या मुली अंघोळीला निघून गेल्या. उरलेल्यांनी हॅली बेरीला पाहिलं. लेबनॉनच्या एली साबचा पोशाख, वर पारदर्शक जाळीवर भरतकामाची फुलं, खाली घेरदार लालसर तपकिरी रेशीम. माझी तेलुगू मैत्रीण म्हणाली, हे काम आमच्या जुन्या शहरातला जरदोजीवाला निम्म्या वेळात करून देईल. मल्याळी मैत्रिणीला त्या जाळीची काळजी वाटत होती. आम्ही सगळ्या भाषांतून त्या वेलींवर बोलत होतो, आणि ती बाई रडत रडत डोरोथी डँड्रिजचं नाव घेत होती. मुख्य भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. डँड्रिज कोण हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. खोलीतल्या एकीने विचारलं, तोवर जाहिरात लागली होती.

२०१५ साली अठरा वर्षांची झेंडाया पांढऱ्या पोशाखात, लांब जटा सोडून आली. कपड्यांवर शेरे मारणाऱ्या एका कार्यक्रमाच्या निवेदिकेने त्या जटांना कसला वास येत असेल यावर विनोद केला. झेंडायाने त्याला लेखी उत्तर दिलं. अशा जटा ठेवणाऱ्या लेखकांची, दिग्दर्शकांची, प्राध्यापकांची आणि स्वतःच्या वडील-भावांची उदाहरणं तिने दिली. निवेदिकेला पडद्यावर येऊन माफी मागावी लागली आणि दोन वर्षांनी तो कार्यक्रमही बंद झाला. पोशाखाबद्दल पहिला आणि शेवटचा शब्द पाहणाऱ्याचा, हा करार तिथे मोडला.

या सगळ्या गदारोळात मला वारंवार आठवते ती कोल्हापूरची भानुमती राजोपाध्ये. वडील चित्रकार, स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूलची विद्यार्थिनी, पुढे भानू अथय्या म्हणून हिंदी चित्रपटांची वेशभूषाकार. ११ एप्रिल १९८३ रोजी 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलोबरोबर तिला ऑस्कर मिळालं, आणि ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. बॅरिस्टरच्या सुटापासून उघड्या अंगावरच्या पंचापर्यंत एका माणसाचं आयुष्य त्या चित्रपटात कपड्यांतून उलगडत जातं. पाहणाऱ्याला त्यात कोणाचा हात जाणवत नाही, हेच त्या कामाचं यश. तो पंचा कोणाचा, असं गालिच्यावर कोणी विचारणार नाही. मंचावरून तिने जगाचं लक्ष भारताकडे वळवल्याबद्दल रिचर्ड ॲटनबरोंचे आभार मानले आणि ती उतरली.

२०१२ साली तिने ती मूर्ती अकादमीकडे परत सोपवली. आपल्यामागे ती नीट सांभाळली जाईल याची तिला इथे खात्री वाटत नव्हती. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेल्याचा दाखला तिने दिला होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी ती गेली. पुढच्या एप्रिलमधल्या समारंभात दिवंगतांच्या चित्रफितीत तिचा चेहरा आला, इरफान खानचाही आला. १९९८ साली, 'टायटॅनिक'च्या वर्षी, अमेरिकेत साडेपाच कोटी लोकांनी हा समारंभ पाहिला होता. २०२१ मध्ये पाहणारे जेमतेम एक कोटी होते.