‘त्रिकूट’ : एका शब्दाचा प्रवास

तिघांच्या गटाला मराठीत त्रयी, त्रिमूर्ती, त्रिकूट असे अनेक शब्द आहेत. पण त्यांची प्रतिष्ठा सारखी नाही. पाणिनी, कात्यायन व पतंजली यांना ‘मुनित्रयी’ म्हणतात. त्यांना ‘त्रिकूट’ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. हा भेद कोठून आला?

मुळात त्रिकूट म्हणजे तीन शिखरांचा पर्वत. रामायणातील लंका त्रिकूटावर वसली आहे, तर भागवतातील गजेंद्राचे सरोवर क्षीरसागराने वेढलेल्या त्रिकूटावर. प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र हे नाव प्रत्यक्ष प्रदेशाचे आहे. कालिदासाचा रघू अपरान्तात त्रिकूटालाच आपला जयस्तंभ करतो. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील वाकाटककालीन लेखात त्रिकूटाचा उल्लेख कुंतल, अवंती, लाट या देशांच्या पंक्तीत येतो. इ.स. पाचव्या शतकात उत्तर कोकण व दक्षिण गुजरातेत राज्य करणारे दहरसेन, व्याघ्रसेन हे राजे स्वतःस ‘त्रैकूटक’ म्हणवीत. कान्हेरीच्या ताम्रपटातील २४५ वे वर्ष (इ.स. ४९४ च्या सुमाराचे) त्रैकूटकांच्याच नावाने दिले आहे. वा. वि. मिराशी यांनी या त्रिकूटाचे स्थान नाशिकजवळच्या सह्याद्रीत मानले. संतवाङ्मयात हा पर्वत देहात शिरला. श्रीहाट, गोल्हाट यांच्याबरोबर त्रिकूट हे योगमार्गातील स्थान ठरले.

यांपैकी कोठेही निंदेचा सूर नाही. तो ‘कूट’ या पदातून आला असावा. संस्कृतात कूट म्हणजे शिखर, तसेच कपटही. कूटलेख, कूटसाक्षी हे शब्द त्याची साक्ष देतात. (शेंगदाण्याचे कूट मात्र ‘कुटणे’ या क्रियापदाचे अपत्य.) शिखरे विस्मृतीत गेली, कपट उरले आणि त्रिकूट म्हणजे संगनमत केलेले तिघे हा अर्थ रूढ झाला.

इतिहासलेखनात म्हणूनच हा शब्द जपून वापरावा लागतो. इ.स.पू. ६० मध्ये सीझर, पाँपी व क्रॅसस यांनी केलेला करार खाजगी होता. त्यास त्रिकूट म्हणणे शोभते. परंतु इ.स.पू. ४३ मध्ये ऑक्टेव्हियन, अँटनी व लेपिडस यांची सत्ता रीतसर कायद्याने, पाच वर्षांच्या मुदतीसाठी स्थापन झाली होती. तिची कृत्ये कितीही क्रूर असली, तरी ते राज्याचे अधिकृत पद होते. दोहोंस सरसकट ‘त्रिकूट’ म्हटल्यास हा फरक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्यासाठी ‘त्रिसदस्य शासन’ ही रुक्ष संज्ञाच अधिक योग्य.